दुसरी तोटी

चित्राताईंना ती बोट कधीच आवडली नाही, आणि त्या ते लपवतही नसत. गणपतीच्या जेवणाला कुणी विचारलं, "काय मग, उन्हाळाभर बोटीवर मजा ना?" की त्या पानावर कोशिंबीर वाढता वाढता म्हणायच्या, "मजा त्याची. मी त्या तरंगत्या टपरीत बसून चहा करते."

टपरी घेतली होती गिरीशदादांनी, अकरा वर्षांपूर्वी. ते मूळचे नागपूरचे. फुटाळा तलावातली पायडलची बोट सोडली तर पाण्याशी त्यांचा संबंध नव्हता. इकडे परदेशात, लिमरिकजवळच्या एका औषधाच्या कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर होते. बोलायला जरा कमी, हाताने सतत काहीतरी दुरुस्त करणारे. लॉक डर्ग सरोवराच्या काठी गॅरीकेनेडी नावाचं एक चिमुकलं बंदर आहे, आमच्याकडून गाडीने पाऊण तासावर. तिथे एका म्हाताऱ्याची जुनी डिझेलची बोट विकायला होती. आत दोन बाकं, एक शेगडी, आणि खालच्या फळ्या उचलल्या की इंजिन. गिरीशदादा बोट बघायला म्हणून गेले आणि इंजिनाच्या प्रेमात पडून आले.

ते इंजिन जुन्या पद्धतीचं होतं. सरोवराचं पाणी आत खेचायचं, बिडाच्या पोटातून फिरवायचं आणि धुराबरोबर बाहेर टाकायचं. हेच पाणी हिवाळ्यात आत राहिलं तर गोठून फुगतं आणि बीड तडकतं. म्हणून दर नोव्हेंबरात एका शनिवारी गिरीशदादा एकटेच तिकडे जायचे आणि संध्याकाळी काळ्या हातांनी परत येऊन म्हणायचे, "निजवलं तिला." म्हणजे इंजिनातलं पाणी काढलं, आता मार्चपर्यंत काळजी नाही.

एकदा ते म्हणाले होते, "या वेळी तू पण चल. एकदा बघून ठेव. मी नसलो तर?"

चित्राताई क्रेशमध्ये, म्हणजे पाळणाघरात, काम करायच्या. दिवसभर वीस पोरांची नाकं पुसून आलेल्या बाईचा शनिवार तो. त्या म्हणाल्या, "तू नसलास तर मी घर सांभाळीन. बोट नाही."

हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. मी त्यांच्यापासून दोन रस्ते पलीकडे राहते. शिकायला आले तेव्हा पहिले चार महिने त्यांच्याकडेच जेवत होते, त्यामुळे त्या घरातलं बरंच काही मला ठाऊक आहे.

दिवाळीनंतरच्या बुधवारी, सकाळी दात घासताना, गिरीशदादा बेसिनपाशी कोसळले. स्ट्रोक. उजवा हात आणि पाय गेला, आणि वाचा गेली. अगदी पूर्ण गेली असती तर कदाचित सोपं झालं असतं. एक शब्द राहिला होता, "झालं". पाणी हवं असलं तरी झालं, नको असलं तरी झालं. सानिका, त्यांची मुलगी, डंडॉकहून धावत आली तेव्हा तिचा हात धरून ते कितीतरी वेळ म्हणत राहिले, "झालं, झालं, झालं." डॉक्टरांनी समजावलं की त्यांना बहुतेक सगळं कळतंय, पण मनातला शब्द ओठांपर्यंत येता येता बदलतो, आणि लिहायलाही तसाच अडकतो. मान हलवणंसुद्धा कधी कधी उलट पडायचं. चित्राताई हो-नाही करता करता थकून जायच्या. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. बोटीची आठवण कुणालाच आली नाही. सुदैवाने तोवर हवाही सौम्यच होती.

जानेवारीतल्या पहिल्या शुक्रवारी वॉर्डातल्या टीव्हीवर हवामानाच्या बातम्या लागल्या. नकाशावर मन्स्टरच्या, म्हणजे आमच्या भागाच्या, अंगावर निळा पट्टा, आणि त्यात उणे पाच, उणे सात. गिरीशदादांनी चमचा खाली टाकला. डाव्या हाताने टीव्हीकडे बोट दाखवून ते म्हणाले, "झालं! झालं!"

चित्राताईंना आधी वाटलं, आवाज मोठा झाला. मग वाटलं, थंडी वाजतेय. पांघरूण घातलं तर त्यांनी ते भिरकावलं. मग त्यांनी मूठ करून ती हवेत गोल फिरवली, सुकाणू फिरवावं तशी.

"बोट?" चित्राताई म्हणाल्या. "अरे देवा. पाणी काढायचं राहिलंय."

त्या संध्याकाळी त्यांनी बोटी दुरुस्त करणाऱ्या तीन जणांना फोन केले. दोघांनी उचलला नाही. तिसरा म्हणाला, या आठवड्यात सगळ्यांना एकदमच जाग आलीय, तुमचा नंबर पंधरा दिवसांनी. मग त्यांनी डेक्लनला लावला. डेक्लन म्हणजे धक्क्यावर त्यांच्या शेजारी बोट बांधणारा निवृत्त पोस्टमन. तो हिवाळाभर स्पेनमध्ये बहिणीकडे असतो. त्याला गिरीशचं कळलं होतं. त्याने आधी पाच मिनिटं त्यांचीच चौकशी केली, मग म्हणाला, "माझं इंजिन निराळं आहे चित्रा, माझ्यात आतलं पाणी बंदिस्त असतं. पण गिरीशला करताना पाहिलंय मी. तळाशी पाणी आत घेणारा कॉक आहे, तो बंद कर. मग इंजिनाला दोन पितळी तोट्या आहेत, एक पुढे, एक मागे खाली. दोन्ही उघड. पाणी निघून जाईल. तोट्या उघड्याच ठेव. आणि तो लांबट हीटर आहे ना त्याचा, तो लावून ये. यू'ल बी ग्रँड, सगळं नीट होईल."

चित्राताईंनी हे सगळं एका पाकिटाच्या मागे लिहून घेतलं.

शनिवारी सकाळी त्या एकट्या गेल्या. धक्क्याच्या फळ्या गोठलेल्या दहिवराने पांढऱ्या झाल्या होत्या, त्यावरून त्या कठडा धरून चालल्या. बोटीत गिरीशदादांचे मोठाले हातमोजे होते, ते घातले. ते बोटांतून निसटायला लागले म्हणून काढले. फळ्या उचलल्या. अकरा वर्षांत त्यांनी ते इंजिन पहिल्यांदाच नीट पाहिलं. हिरवा रंग, जागोजाग गिरीशने चिकटवलेल्या बारीक चिठ्ठ्या, तेल कधी बदललं, पट्टा कधी बदलला. तोट्यांवर चिठ्ठी नव्हती. त्या गिरीशदादांना पाठ असणार.

कॉक बंद झाला. पुढची तोटी पान्याने फिरवताच पाणी भसकन आलं, अर्धी बादली तरी असेल. चित्राताई म्हणतात, त्या क्षणी त्यांना हसू आलं, एकटीलाच. मागची तोटी इंजिनाच्या पलीकडच्या अंगाला होती. पालथं पडून, गाल थंडगार लोखंडाला लावून, हात पलीकडे घातला तर जेमतेम पोचत होता. पाना दोनदा सटकला आणि बोटांची सालं निघाली. शेवटी तोटी फिरली. तांबूस पाण्याचे दहा-बारा थेंब पडले आणि थांबले.

त्यांनी वाट पाहिली. मग विचार केला, एकाच पोटाच्या दोन तोट्या, पहिलीतूनच सगळं निघून गेलं असणार. कुणालाही असंच वाटलं असतं. हीटर लावला, त्याची नळी कोमट झालेली हाताने तपासली. सगळ्याचा व्हिडिओ काढला आणि तिथून थेट हॉस्पिटलात गेल्या.

"बघ, केलं मी," त्यांनी गिरीशदादांपुढे फोन धरला.

पहिल्या तोटीचं पाणी आलं तेव्हा त्यांचा चेहरा सैल झाला. दुसऱ्या तोटीचे थेंब पडून थांबले आणि ते ताठ झाले.

"झालं. झालं!"

"हो रे, झालं. सगळं केलं."

"झालं!" त्यांनी पलंगाच्या दांडीवर हात आपटला. मग डाव्या हाताचं बोट पुढे काढून हवेत टोचल्यासारखं करू लागले. आत, बाहेर. आत, बाहेर.

"इंजेक्शन? दुखतंय का कुठे? बेल दाबू?"

आत, बाहेर. आत, बाहेर.

नर्स आली, केरळची होती, फार मायेची. तिने कागद आणि जाड पेन आणून दिलं. गिरीशदादांनी डाव्या हाताने मोठ्या कष्टाने एक वेडंवाकडं वर्तुळ काढलं आणि त्याच्या मधोमध एक रेघ मारली.

"घड्याळ?" चित्राताई म्हणाल्या. "किती वाजले विचारतोयस? वेळ? किती वेळ उघडी ठेवायची? उघडीच ठेवलीय रे."

त्यांनी पुन्हा रेघ मारली. तीच रेघ, पेन कागदातून आरपार जाईपर्यंत. मग पेन फेकलं. डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. चित्राताईंनी त्यांच्या केसांतून हात फिरवला. बोलता न येणाऱ्या माणसाला आणखी प्रश्न विचारणं त्यांना क्रूर वाटायला लागलं होतं. "शांत हो. उद्या बोलू," त्या म्हणाल्या. उद्या तरी तो कसं बोलणार होता, हे म्हटल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

रात्रीतून बर्फ पडला आणि रविवारभर पडत राहिला. इथे मुळात बर्फाची सवय नाही, त्यामुळे दीड वितीत सगळं ठप्प. बसेस बंद, क्रेश बंद, गावाबाहेरचे रस्ते बंद, कितीतरी ठिकाणी वीज गेलेली. चित्राताई हॉस्पिटललाही जाऊ शकल्या नाहीत. सानिकाचा फोन आला. ती मराठी सगळं समजते, पण उत्तर इंग्रजीतच देते. "आई, इट्स ओन्ली ॲन इंजिन," ती म्हणाली. "यू डिड युअर बेस्ट." चित्राताईंना ते पटत होतं. फक्त ते टोचणारं बोट डोळ्यांपुढून जात नव्हतं.

मंगळवारी दुपारी त्यांनी खिचडीचा कुकर लावला. वाफ बाजूने फसफसायला लागली, शिटी काही होईना. गॅस बंद केला, कुकर निवू दिला, झाकण उजेडाकडे धरून पाहिलं तर शिटीखालच्या भोकात डाळीचं साल अडकलेलं. त्यांनी सुई घेतली आणि भोकात घातली. आत, बाहेर.

मला त्यांचा फोन आला तेव्हा त्या नीट बोलूही शकत नव्हत्या. "अगं, तार घालायची होती. भोक बुजलेलं होतं. पाणी संपलं नव्हतं, अडकलं होतं. तो घसा फोडून सांगत होता आणि मी त्याला घड्याळ म्हटलं."

त्यांना तेव्हाच्या तेव्हा निघायचं होतं. मीच नको म्हटलं. नीना गावाच्या पुढचे घाटासारखे रस्ते बर्फाने भरलेले होते, पोलिसांनी घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं होतं, आणि त्यांच्या गाडीचे टायर साधे. त्यांनी डेक्लनला पुन्हा फोन केला. त्याने स्पेनमधून बंदराजवळच्या एका शेतकऱ्याला लावला. तो म्हणाला, माझीच गल्ली बंद आहे, गाईंचं पाणी गोठलंय, मी घरातून बादल्या वाहतोय. यापुढे कुणाला काही विचारता येण्यासारखं नव्हतं. मंगळवारची रात्र उणे सहा गेली. बुधवारची उणे सात. चित्राताई सकाळ-संध्याकाळ फोनवर आकडे बघायच्या. आकडे बघून काय होणार होतं?

गुरुवारी मोठा रस्ता मोकळा झाला आणि मी त्यांना घेऊन गेले. पाऊण तासाच्या वाटेला दोन तास लागले. चित्राताईंच्या मांडीवर थर्मास होता आणि कपड्यांचा एक तारेचा हँगर मोडून सरळ केलेला.

बंदराच्या कडेने पाण्यावर काचेसारखा पापुद्रा आला होता. धक्क्यावरच्या खांबातली वीज गेलेली होती, म्हणजे हीटर बंद, केव्हापासून ते देवच जाणे. फळ्या उचलल्या तेव्हा आतली हवा बाहेरच्यापेक्षा गार लागली. चित्राताई पालथ्या पडल्या, मी विजेरी धरली. तार तोटीत अर्धं बोट गेली आणि टक् करून थांबली. त्यांनी जोर लावला. पुन्हा टक्. आत गाळ होता की बर्फ, कळायला मार्ग नव्हता. थर्मासमधलं पाणी फडक्यावर घेऊन त्यांनी तोटीभोवती गुंडाळलं. हरभऱ्याएवढा गाळ बाहेर आला. मागून काहीच नाही. पुन्हा फडकं, पुन्हा तार. थर्मास रिकामा झाला. थोड्या वेळाने फडकंच ताठ झालं.

"बाहेरून काही दिसतंय का ग?" त्यांनी विचारलं.

मी विजेरी सगळीकडे फिरवली. हिरवा रंग, चिठ्ठ्या. "नाही, धड दिसतंय सगळं."

"धड असेल मग," त्या म्हणाल्या. पण त्यांनाही माहीत होतं. आत बर्फ असेपर्यंत तोच चिरेत बूच होऊन बसतो. तडा गेलाय की नाही ते बर्फ वितळल्यावरच कळतं. आम्ही तिथे तासभर बसलो. करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि उठवतही नव्हतं.

सोमवारपर्यंत हवा फिरली. नेहमीचा मऊ, कंटाळवाणा पाऊस सुरू झाला. डेक्लन आदल्या रात्री विमानाने परत आला होता, कुणी न बोलावता. तो आणि चित्राताई बोटीवर गेले. मागच्या तोटीतून आता पाण्याची धार लागली होती, आणि तिच्या वरच्या अंगाला, बिडावरून, आणखी एक बारीक ओघळ येत होता. डेक्लनने बोटाने रंगाचे पोपडे बाजूला केले. वीतभर लांबीची चीर होती. केसाएवढी रुंद.

त्याने डोक्यावरची टोपी काढली. "हे जोडता येणार नाही," तो म्हणाला. "असलं इंजिन आता मिळतही नाही." मग म्हणाला, "चूक माझी. मला तारेचं माहीत नव्हतं. आणि तुला तरी कसं कळणार होतं?"

"मला त्याने सांगितलं होतं," चित्राताई म्हणाल्या.

हॉस्पिटलात त्या दोन दिवस खोटं बोलल्या. वाटेत त्यांनी काय बोलायचं त्याची तालीमही केली होती. "बर्फ वितळला, सगळं ठीक आहे, तू आता पायाच्या व्यायामाकडे लक्ष दे." गिरीशदादा ऐकून घ्यायचे आणि हात पुढे करून फोन मागायचे. त्यांना व्हिडिओ बघायचा होता. पहिल्या दिवशी चित्राताईंनी बॅटरी संपल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी फोन घरी राहिला म्हणाल्या, आणि तेवढ्यात तो पर्समध्ये वाजला.

तिसऱ्या दिवशी मी तिथे होते. चित्राताईंनी खुर्ची पलंगाला चिकटवली, फोन गिरीशदादांच्या डाव्या हातात दिला आणि स्वतः खिडकीकडे बघत बसल्या. सोमवारी बोटीवर काढलेला व्हिडिओ चाळीस सेकंदांचा होता. त्यांनी तो तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा जिथे डेक्लनचं बोट चिरेवरून फिरतं तिथे थांबवला आणि चित्र मोठं करायला गेले. एका हाताने ते जमेना, फोन पांघरुणावर पडला. चित्राताईंनी तो उचलून चित्र मोठं करून दिलं. ते बघत राहिले. ओरडले नाहीत, दांडीवर हात आपटला नाही.

"मला नाही कळलं रे," चित्राताई म्हणाल्या. "तीन दिवसांनी कळलं. तोवर रस्ते बंद झाले."

त्यांनी चित्राताईंचा हात ओढून घेतला. बोटांवरच्या खपल्या अजून गेल्या नव्हत्या. अंगठ्याने ते एकेक खपली चाचपत राहिले, एखाद्या यंत्राचा भाग तपासावा तसे. त्यांना राग आला होता, की वाईट वाटत होतं, की दोन्ही, हे चित्राताईंना आजही सांगता येत नाही. सव्वीस वर्षं ज्याच्याशी संसार केला त्याच्या मनात काय आहे, हे त्यांना पहिल्यांदाच अंदाजाने ठरवावं लागत होतं.

मार्चमध्ये ते घरी आले. जिन्याला दुसरा कठडा लागला, पलंग खालच्या खोलीत आला. स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येते. आता "चहा" येतो, "सानी" येतं, मधूनच एखादं "च्यायला" लख्ख येतं आणि दोघं हसतात. बोट यार्डात उचलून ठेवली आहे. डेक्लनने त्यावर ताडपत्री बांधली. यार्डवाला विचारतो, काय करायचं? विकायची, की दुसरं इंजिन बसवायचं? चित्राताईंनी एकदा धीर करून विचारलं, "विकू या का?" गिरीशदादांनी मान हलवली. हो म्हणून हलवली, की नाही म्हणून? त्यांनी पुन्हा विचारलं तर ती दुसऱ्या बाजूला हलली. त्यांनी तो विषय सोडून दिला.

मे महिन्यातल्या एका रविवारी त्या त्यांना गॅरीकेनेडीला घेऊन गेल्या. चाकाची खुर्ची डिकीत घातली होती, डब्यात साबुदाण्याची खिचडी होती, ऊनही चांगलं पडलं होतं. बंदरातल्या बोटी धुऊन-पुसून पाण्यात उतरल्या होत्या, कुणाकुणाची मुलं धक्क्यावरून उड्या मारत होती. चित्राताईंनी गाडी पाण्याकडे तोंड करून लावली, खुर्ची उघडून आणली, त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

गिरीशदादा उतरले नाहीत. डाव्या हाताने त्यांनी सीटचा पट्टा घट्ट धरून ठेवला होता.

मग चित्राताईंनी दोघांची खिचडी गाडीतच वाढली. तासाभराने खुर्ची मिटून परत डिकीत ठेवली आणि गाडी मागे घेतली.